पुरं झालेलं पान

मित्रांनो, मी एक जुनी भरतकामाची चादर आहे. ताजिकिस्तानातल्या खुजंदला मला सुझनी म्हणतात. सध्या आयर्लंडात, ॲडम्सटाउनला, लीलावतीबाईंच्या कपाटात पडून आहे. इथले लोक कपाटाला प्रेस म्हणतात. काही म्हणा, अंधार तोच.

निगोराच्या आईनं मला तीन हिवाळे बसून भरलं. डाळिंबी रंगाची ताटाएवढी फुलं, काळ्या वेली, आणि कोपऱ्यात एक पान मुद्दाम अर्धं. लग्नाची सुझनी आमच्याकडे पुरी करत नाहीत. थोडं काम बाकी राहिलं की लेकीचा संसार चालू राहतो, अशी समजूत.

निगोराला तिशी लागली होती. तिकडचे बाप्ये रशियात राबायला गेलेले. अशा मुलीला दुसरी बायको व्हायला मिळालं तरी नशीब म्हणायचे. फर्रुख आयर्लंडहून सुट्टीला आला. त्याची पहिली बायको आणि दोन मुलं खुजंदलाच होती. मौलवींनी घरातल्या घरात निकाह लावला. कायद्याला दुसरी चालत नाही, म्हणून सरकारी कागद झालाच नाही. जमलेल्या बायका मात्र माझ्यावरून हात फिरवून वाहवा करत होत्या. मी फुगले, खोटं कशाला बोलू?

इंग्रजी शिकायच्या व्हिसावर निगोरा इकडे आली आणि लीलावतीबाईंची नात रेवा हिला सांभाळायला त्यांच्याच घरी राहिली. तिनं मला पलंगामागच्या भिंतीवर टांगलं. फर्रुख शनिवारी यायचा, घर बघतोय म्हणायचा, चहा पिऊन जायचा. अशी दोन वर्षं गेली.

लीलावतीबाई नागपूरकडच्या, मुलाकडे राहायला आलेल्या. शाळा चौथीपर्यंत, पण टाका असा की शिंप्यानं मान खाली घालावी. माझं अर्धं पान त्यांच्या डोळ्यांत सलायचं. २०१७च्या मार्चमध्ये निगोरा रेवाला शाळेतून आणायला गेली होती, तेवढ्यात बाईंनी सुई घेतली आणि पान पुरं करून टाकलं. विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. कोणाचं अर्धवट काम निस्तरायला कुठं विचारतात?

निगोरा परत आली. नव्या टाक्यांवरून एकदा बोट फिरवलं आणि रेवाचं दप्तर उतरवलं.

त्या शनिवारी फर्रुखऐवजी त्याचा फोन आला. पहिल्या बायकोला आणि मुलांना इकडे यायची परवानगी मिळाली होती. त्यानं तलाक हा एकच शब्द तीनदा उच्चारला आणि मोकळा झाला. त्याच्यासाठी ओतलेला चहा अजून गारही झाला नव्हता.

मग निगोरानं तोडक्या मराठीत बाईंना पानाची गोष्ट सांगितली. बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "माही माय सवतीवर गेली होती. एका घरात दोन चुली. पण दोघींले गावानं बायको तं म्हटलं. तुले कोण म्हणन, पोरी?"

त्यांचा मुलगा चंद्रहास वकिलाकडे जाऊन आला. वकिलानं लग्नाचा दाखला मागितला. तिथंच सगळं संपलं. व्हिसाही संपत आला होता.

जायच्या आदल्या दिवशी बाई चष्मा लावून, कात्री घेऊन आपले टाके उसवायला बसल्या. निगोरानं त्यांचे हात धरले.

"राहू दे, आजी. तुझ्या सुईनं नाही मोडलं. ते आधीच मोडकं होतं. पण आता पुरं झालं ना, तर पुरं राहू दे."

लग्नाची सुझनी घेऊन आईच्या दारात कशी उभी राहू, म्हणाली, आणि मला इथंच ठेवून गेली.

आता वर्षातून एकदा, बरं ऊन पडलं तर, बाई मला बाहेर काढतात. कोपऱ्याकडे बघत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारखीची घडी घालताना भरत आतल्या बाजूला ठेवा, मधूनमधून ऊन दाखवा, नाहीतर कसर लागते. दुसऱ्याच्या कामाला सुई लावण्याआधी विचारा. आणि मुलींनो, फुलं कितीही सुंदर भरलेली असोत, आधी कागद बघा.

तिचं नाव निगोरा. लग्नाच्या कुठल्याच कागदावर ते नाही, म्हणून तेवढं तुम्ही लक्षात ठेवा.