चिठ्ठी नसलेल्या बाटल्या

त्या रविवारी आई असती तर शंभर वर्षांची झाली असती, म्हणून आम्ही सगळे दुकानाच्या मागच्या खोलीत जमलो होतो. मी थोरली, तेव्हा आईबद्दल मीच बोलायचं असं ठरलं.

आई कपड्यांवरचे डाग काढायची. शाई, गंज, तेल, रक्त, काहीही आणा. कपाटात सारख्याच तपकिरी बाटल्यांची रांग असायची आणि एकीवरही चिठ्ठी नसायची. ती बूच काढून हुंगायची आणि हवी ती बाटली उचलायची. "चिठ्ठी भिजून गळून पडते. नाक गळत नाही," असं म्हणायची.

"सर्दी झाली की गळतं," धाकटा भाऊ म्हणायचा आणि ओल्या फडक्याचा फटका खायचा.

हे ऐकून सगळे हसले. पुढचं मी सांगितलं नाही.

त्र्याऐंशीव्या वर्षी आईने एका वकिलाच्या कोटावर ॲसिड ओतलं. आधी बाटली हुंगली होती. मी दोन हात लांब उभी होते आणि माझं नाक झोंबत होतं. तिचं नाक तर बाटलीच्या तोंडाशी होतं. तळहाताएवढं भोक पडलं. चूक माझी, असं मी वकिलाला सांगितलं. घरातही तेच सांगितलं. वर्षभरात आई नावं विसरायला लागली. मग एका सकाळी मलाच म्हणाली, "बाई, कपडे न्यायला आलात का?"

दोन महिन्यांपूर्वी माझ्या शेगडीवर दूध करपलं. शेजारीण धावत आली. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. तेव्हापासून रोज सकाळी साबणाची वडी नाकाला लावून बघते. कुणाला बोलले नाही.

भावाची नात आता दुकान चालवते, तेही आईच्याच पद्धतीने. कुठे अडलं की बाटली घेऊन माझ्याकडे येते. त्या दिवशीही आली.

"आत्याआजी, ही कुठली ते कळेना. उद्या रेशमी साडीला लावायचीय. तू सांग ना."

मी बूच काढलं. काच गार लागली, बाकी काही नाही. पाणी असावं तसं. सगळे कौतुकाने बघत होते. अंदाजाने काहीतरी ठोकून देता आलं असतं. आईनेही तेच केलं असणार. कोटावर ओतण्याआधी ती क्षणभर थांबून माझ्याकडे बघत होती, ते आत्ता आठवलं. मी गप्प राहिले होते.

"मला वास येत नाही," मी म्हटलं.

"सर्दी झाली असेल," भाऊ हसत म्हणाला.

"सर्दी नाही. दोन महिने झाले. आणि तो कोट मी जाळला नव्हता."

त्याचं हसू मावळलं. हातातला चहाचा कप त्याने खाली ठेवला.

"कागद आण, खळ आण," मी पोरीला म्हटलं. "सगळ्या बाटल्यांना चिठ्ठ्या लाव. जी कळणार नाही ती ओतून टाक. उद्या मला डॉक्टरकडे ने."

ती एकेक बाटली लांबून हुंगून लिहीत गेली, मी चिठ्ठ्या दाबून बसवत गेले. शेवटची बाटली झाल्यावर मी तिच्या वाकलेल्या मानेकडे बघितलं आणि तिचं नाव मनातल्या मनात घेऊन पाहिलं.

आलं. जरा उशिरा, पण आलं.