तीन टोप्या

लढाईमुळे मोटारींचं नवं सामान मिळेनासं झालं, तशी खालापूरच्या कोंडाजी मिस्त्रीची छाती आणखी फुगली. दहिवलीच्या मालोजीरावांच्या मोटारीचं इंजन त्यानं अंगणात उघडलं आणि ऐटीत सांगितलं, "जुन्याच क्रँकवर चालवून दावतो. दिवाळीला मोटार तुमच्या दारात, नायतर मिस्त्रीपना सोडला!"

क्रँक म्हणजे इंजनाच्या पोटात फिरणारा वाकडातिकडा दांडा. त्याला तीन लोखंडी टोप्या जागेवर धरून ठेवतात. प्रत्येक टोपी आपापल्या जागी झिजलेली असते. अदलाबदल झाली की दांडा अडतो, आणि तसाच दामटला तर कामातून जातो. दुसरा दांडा तर मुंबईतही मिळत नव्हता. कोंडाजीला हे पाठ होतं, म्हणून त्यानं टोप्यांवर एक, दोन, तीन रेघा ओढल्या. पण खडूनं! ठोकून ठिपके पाडायला पंच होता. साहेबांना कंटाळा आला.

नवमीला तो तेल आणायला कर्जतला गेला. संध्याकाळी येऊन बघतो तर पाटावर खंडेनवमीची पूजा. नट आवळायचे पाने, हातोडे, आणि मधोमध रिठ्याच्या पाण्यानं धुतलेल्या तीन टोप्या, हळदकुंकू लावून बसलेल्या.

"सुंदरे! माझ्या रेघा कुटं गेल्या गं?" त्यानं घासलेटाचं फडकं उचललं आणि रागारागानं टोप्या पुसायला लागला.

"अवो, थांबा..." बायको म्हणाली. पण तो थांबेल कसला!

सगळं पुसून झाल्यावर सुंदरा शांतपणे म्हणाली, "रेघा धुऊन जातील म्हनून मी तेवढीच बोटं कुंकू लावलं व्हतं. एक, दोन, तीन. आता तुमी तेबी पुसलंत."

कोंडाजीनं टोप्या उलटसुलट करून पाहिल्या. तिन्ही सारख्याच दिसत होत्या.

पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो; रागाच्या भरात टोप्या पुसल्या, तेवढंच फार झालं. दसऱ्याला सकाळीच त्यानं टोप्या बसवायला घेतल्या. तीन टोप्या, सहा तऱ्हा. तो आवळायचा आणि सुंदरा दांडा हातानं फिरवायची. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "झालं! बसलं!"

"नाय. एका जागी दाना अडकल्यावानी होतंय."

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"रोज जातं कोन वढतं, तुमी?"

त्याला राग आला, पण भीती त्याहून मोठी होती. त्यानं टोप्या परत काढल्या. पाचव्या खेपेला सुंदरा हसली. त्यानं स्वतः फिरवून पाहिलं, तर दांडा कुठेच न अडता गरगर फिरला. त्याच्या जिवात जीव आला.

सुंदरानं आतून माहेरचा तांब्याचा हंडा आणला. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. "वीस वरसं घासतीय. गेलं का?"

कोंडाजीनं निमूट पंच घेतला. पहिल्या टोपीवर एक ठिपका, दुसरीवर दोन. तिसरीवर मात्र ठोकणं संपेना.

"तीनच पायजेत ना वो?"

"तीन झाले. म्होरं तुजं नाव घालतोय."

"इंजनाच्या पोटात? कोन वाचनार ते?"

"पुढं जो उघडंल तो."

दिवाळीला मोटार दहिवलीला गेली. मालोजीरावांनी पाठ थोपटली, "कोंडाजी, हाताला गुन हाय तुझ्या!"

एरवी त्यानं मिशीवर ताव दिला असता. आज म्हणाला, "हात माजा एकट्याचा नाय, राव. दुसरा कुनाचा, ते आत लिवलंय."