काळी पडलेली नळी

रेजिमेंटचा इतिहास छापखान्यात जायला चार दिवस उरले होते. शस्त्रागाराच्या वरच्या खोलीत मेजर थॉर्नडाइक गिरणी-संपाचं प्रकरण वाचून दाखवत होते. टेबलाशी त्यांचा लेखनिक बसला होता, भिंतीलगत म्हातारा सार्जंट एल्काना ट्रास्क. दाराजवळच्या बाकावर लव्हिनिया पार्डी होती. इतिहासातल्या सैनिकांच्या यादीत बापाचं नाव यावं, एवढंच मागायला ती गिरणीतली अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून आली होती.

"'पुलावर जमलेल्या आपल्याच संपकरी गावकऱ्यांची कर्नलसाहेबांना दया आली,'" मेजर वाचत होते, "'आणि त्यांनी तोफ गप्प ठेवली.'"

ते कर्नल म्हणजे मेजरांचे वडील.

"दया?" एल्काना म्हणाला. "मेजर, तोफ डागायचा हुकूम तीनदा आला. मी तोफेपासून दोन हातांवर उभा होतो."

"बावीस वर्षं झाली, सार्जंट. पावसानं दारू भिजली असेल."

"त्या दिवशी पाऊस कुठला? धुळीनं डोळे उघडत नव्हते."

लव्हिनिया उठून उभी राहिली. "मग तोफ उडाली का नाही, काका?"

पुस्तकातल्या चित्रांसाठी टेबलावर मांडलेल्या जुन्या नमुन्यांतून एल्कानानं एक पितळी नळी उचलली. बोटाच्या पेराएवढी.

"ही तोफेच्या भोकात बसवायची. दोरी ओढली की ही पेटते, आणि हिच्यामुळे आतली दारू. एकदा जळली की आतून काळी पडते, मग कितीही ओढा. नळी बसवायचं काम तुझ्या बापाचं, रूबेनचं. त्यानं सरावातल्या जळक्या नळ्या खिशात भरून आणल्या होत्या. हुकूम आला की एक बसवायची, दोरी ओढायची, उडत नाही म्हणून मान हलवायची आणि दुसरी घ्यायची. तोफेत छर्रे भरलेले होते, पोरी. पुलावर चारशे माणसं होती."

"म्हणजे फितूर होता," मेजर म्हणाले. "फितूर-पळपुट्यांच्या यादीत नाव आहे त्याचं."

"पळपुटा? तो तोफेपासून वीतभर हलला नाही. पळाले असतील तर तुमचे वडील, टेकडीमागे, घोड्यासकट."

लेखनिकाची लेखणी थांबली. मेजरांनी कागद हळूच खाली ठेवले.

"ठीक आहे. सगळंच छापू. जळक्या नळ्यांची साक्ष लष्करी कोर्टात कुणी दिली, तेही छापू? तुरुंगात छातीच्या दुखण्यानं मेला तो कुणाच्या शब्दावर? बाईंना माहीत आहे?"

लव्हिनियानं एल्कानाकडे पाहिलं. दर नाताळात हा माणूस सफरचंदांची टोपली घेऊन दारात यायचा.

बावीस वर्षं एल्काना हा प्रश्न टाळत आला होता. आता त्याला मेजरांपेक्षा स्वतःचा जास्त संताप आला.

"मी," तो म्हणाला. "तोफेवरच्या तुकडीचा नायक मीच होतो. तिसरी नळी काळी दिसली मला. कर्नलनं विचारलं आणि मी सांगितलं. कुणी मारत नव्हतं की झोडत नव्हतं. नुसतं विचारलं."

लव्हिनिया टेबलाशी आली. लेखनिकापुढचा कोरा कागद तिनं ओढून एल्कानासमोर टाकला.

"लिहा."

"बाई, हे पुस्तकात येणार नाही," मेजर म्हणाले.

"नका घेऊ. गिरणीच्या फाटकावर मी चिकटवते. तुमच्या पुस्तकापेक्षा तिथे वाचणारे जास्त आहेत." मग एल्कानाला, "लिहा म्हटलं ना."

एल्कानानं लिहिलं. अक्षर वाचता येईल असं काढलं. खाली सही करून त्यानं कागद पुढे सरकवला.

लव्हिनियानं तो उभ्या उभ्या वाचला आणि परत त्याच्यापुढे ठेवला.

"सार्जंटच्या पट्ट्या कधी मिळाल्या तुम्हाला?"

एल्काना कागदाकडे पाहत राहिला. "साक्षीनंतर. तिसऱ्या आठवड्यात."

"तेही लिहा. सहीच्या वर."

त्यानं लेखणी शाईत बुडवली.