हाक मारणारा गिलास

बुड्... बुड्... बुडबुड.

दुपारची जेवणं आटोपून राजापेठेतलं आमचं घर गप्प झालं, की हा आवाज येतो. मित्रांनो, तो माझ्या पोटातून येतो. मी स्टीलचा एक गिलास आहे. वय फार नाही, सहा वर्षं. पण कडेला मोठा पोचा पडलाय, म्हणून जुना दिसतो.

अकोल्याच्या भांड्यांच्या दुकानात चंदाआत्यानं मला घेतलं. दुकानदारानं टर्रर्र वाजणाऱ्या सुईनं माझ्यावर तिच्या भाचीचं नाव कोरलं, 'चि. सौ. कां. रागिणी', तेव्हा मला इतक्या गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! लग्नाच्या आहेरात मी अमरावतीला आलो आणि लगेच कामाला लागलो. रागिणी शिकवणीच्या वर्गात लहान मुलांना शिकवायची. खाली दुचाक्यांचा गोंगाट, वर चाळीस पोरं, आणि तिचे पाढे त्या सगळ्यांच्या वरून जायचे. घरी आली की मला गटागटा रिकामा करायची. सासूबाई, माणिकबाई, हसून म्हणायच्या, "तुह्या आवाजाले माइक कायले पाह्यजे वं? बडनेऱ्यापर्यंत ऐकू जाते!"

मागच्या वर्षी तिच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला. पण आवाजाच्या दोन तंतूंपैकी एक हलेनासा झाला. तोंडातून नुसती हवा यायची. असं कधीकधी होतं, डॉक्टर म्हणाले. वर्षभरात हलला तर हलला, पुढं आशा कमी.

अकोल्याला आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या एक ताई आहेत. त्यांनी सांगितलं, गिलासात चार बोटं पाणी घ्यायचं, त्यात नळी बुडवायची आणि नळीतून 'ऊऽऽ' म्हणत बुडबुडे काढायचे. दिवसातून तीनदा. त्यासाठी रागिणीनं मांडणीवरच्या साऱ्या गिलासांतून मलाच उचललं. माझी छाती फुगली!

ताईंनी आणखी एक गोष्ट बजावली होती. "कुजबुजू नका. त्यानं घशावर ताणच पडतो. जसा येईल तसा, पण आवाज काढा." पण रागिणीला आपल्या फाटक्या आवाजाची लाज वाटायची. ती कुजबुजायचीच. आणि घरात दुखणाईत माणूस असलं की बाकीच्यांनीही हळू बोलावं, ही माणिकबाईंची रीत. मुलगा ऑफिसातून घरी आला की त्या दारातच दटावायच्या, "किशोर, हळू बोल ना बे! तिच्या घशाले आराम पाह्यजे."

आमच्या वऱ्हाडात माणसं खणखणीत बोलतात. प्रेमानं बोलली तरी पाहुण्याला भांडण वाटतं. पण आमचं घर कानात बोलू लागलं. सगळं मायेपोटीच. आणि त्याच वर्षी रागिणीची आचल बोलायला शिकली. दोन वर्षांची होती.

एके दिवशी फाटक उघडं राहिलं. आचल चेंडूमागं रस्त्यावर धावली. रागिणी दारापुढच्या ओट्यावर होती, मी तिच्या हातात. तिनं तोंड उघडलं. हवाच आली. मग तिनं मला लोखंडी कठड्यावर धाडकन आपटलं. आचल दचकून थांबली, वळली. तिच्या पुढ्यातून स्कूटर सुसाट निघून गेली.

हा पोचा तेव्हाचा.

त्या दिवसापासून रागिणी लेकीला माझ्यावर चमचा वाजवून बोलावू लागली. टण् टण्! की आचल हजर. शेजारीण म्हणाली, "मोठा कामाचा गिलास आहे बाई!" मला मात्र ती शाबासकी बोचली. मित्रांनो, गिलासानं पाणी द्यावं. आईची हाक होऊ नये.

गेल्या महिन्यात बालवाडीच्या बाई घरी आल्या. "माणिकबाई, तुमची नात बोलतच नाही ना! काही विचारलं तर कानाशी येऊन फुसफुसते. घसा दाखवला काय?"

घसा दाखवला. घसा ठणठणीत होता. आपल्या घरात बोलतात तशीच ती बोलत होती. दवाखान्यातून आल्यावर माणिकबाईंनी नातीला जवळ ओढलं. "म्याच शिकवलं वं तिले हे," म्हणाल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या मोठ्यानं बोलल्या, आणि मोठ्यानंच रडल्या.

आता ऑपरेशनला अकरावा महिना आहे. रागिणी कुजबुजत नाही. घोगरं, तुटकं, कसं का असेना, आवाज काढते. मित्रांनो, तुमच्या घरी, वर्गात असा कुणी असेल तर त्याच्या आवाजाला हसू नका. पण त्याच्या काळजीनं गप्पही होऊ नका. त्याला बोलू द्या, आणि तुम्हीही त्याच्याशी मोकळ्या गळ्यानं बोला. एवढं एका पोचा पडलेल्या गिलासाचं ऐकाल?

आज दुपारीही आम्ही बसलो होतो. पाण्यात 'ऊ' आता थोडा धरतो. 'आ' अजून धरत नाही. तोंड उघडलं की सगळी हवा निसटते. आचल आईच्या मांडीला टेकून माझ्यातले बुडबुडे बघत होती. बघता बघता ती उठली, आईच्या गळ्यात हात टाकून तिच्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं,

"आई, आजी म्हनते माह्यं नाव तुनंच ठेवलं. मंग पहिले तू मले कशी हाक मारत होती?"