पाळकसाहेबांनी गिळलेले नाव

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. चांदपोल बाजारातल्या एका बाइंडरने १९५१ साली मला जाड दोऱ्याने शिवले आणि मी जयपूरच्या एका लहानशा चर्चमध्ये नोकरीला लागले.

काम मोठ्या मानाचे! मंडळीत कुणाचे लग्न ठरले की दोघांची नावे माझ्यात लिहीत आणि ओळीने तीन रविवार उपासनेत वाचत. कुणाची हरकत असेल तर त्याने तेव्हाच सांगायचे. एक रविवार चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

आमचे पाळक उमाकांत साळवे नगरचे. पत्नी पार्वतीबाई वारल्यापासून पाच वर्षे हा भला माणूस चहा-पावावर जगत होता. आमच्यात पाळकांना लग्नाची मुभा असते, पण त्यांचे त्यांनाच पटेना. शेजारचे कॅथलिक फादर चहाला आले की म्हणत, "पाद्रीजी, अकेला रहने का वचन मैंने दिया है. आपने किसको दिया?"

शेवटी १९५८ साली साहेबांनी इस्पितळातल्या, नगरहूनच आलेल्या नर्स गिरिजाबाईंना लग्नाचे विचारले. त्या हो म्हणाल्या. साहेबांनी स्वतःच्या हाताने स्वतःचे नाव माझ्यात लिहिले. मला काय आनंद झाला!

पहिला रविवार पार पडला. दुसऱ्या रविवारी मात्र पार्वतीबाईंचे वडील आप्पासाहेब अजमेरहून आले आणि पहिल्याच बाकावर बसले. साहेबांनी इतरांची नावे वाचली, आप्पासाहेबांकडे पाहिले, स्वतःचे नाव गिळले आणि मला मिटले. असा राग आला मला त्यांचा! गिरिजाबाईंना वाटले, यांचे मन फिरले. त्यांनी नगरला परत जायला ट्रंक भरली. पुढच्या रविवारी उपासना करून त्या निघणार होत्या.

त्या दिवशी साहेबांनी मला उघडले आणि ते स्वतःचे नाव कसेबसे पुटपुटू लागले. आप्पासाहेब आठवडाभर जयपुरातच होते आणि मंडळींकडून त्यांच्या कानावर सगळे आले होते. तोच ते काठी टेकत उठले. आता हे हरकत घेणार, असे मलाही वाटले.

"मोठ्यानं वाचा, पाळकसाहेब," ते म्हणाले. "पार्वतीच्या बापाला कमी ऐकू येतं. आणि गेल्या खेपेला गाळलंत, तेव्हा आता पहिल्यापासून!"

साहेब डोळे पुसत मोठ्याने वाचू लागले. मागच्या बाकावरून गिरिजाबाई म्हणाल्या, "थांबते मी अजून दोन रविवार."

मित्रांनो, आता माझी पाने पिवळी पडली आहेत, पण मी तृप्त आहे. इतक्या माणसांनी आपली सुखे माझ्या हवाली केली. मला अधूनमधून ऊन दाखवा, नाहीतर वाळवी लागेल. आणि मनातले नाव वेळेवर, मोठ्याने उच्चारा. साहेबांचे पान तेवढे जपून उलटा. लग्नाच्या दिवशी तिथे साक्षीदार म्हणून आप्पासाहेबांनी सही केली आहे.