पाण्याखालची राई

ज्योत्स्नाबाईंना देऊळ सापडलंच नसतं, तर भागूनानाच्या पदरात काय पडलं असतं ते आधी मांडू. कळमजाईच्या जत्रेत बोकडाची मुंडी त्याच्या घरी जायची, ती जात राहिली असती. पालखीला पहिला खांदा त्याचा, पहिला नारळ त्याचा, लग्नाच्या पंगतीत भिंतीला टेकून बसायची जागाही त्याचीच राहिली असती. आणि मेल्यावर लोकांनी म्हटलं असतं की धरण भरलं तेव्हा यानंच देवी डोक्यावरून वर आणली. खर्चाच्या बाजूला त्याने एकच गोष्ट धरली होती, पुण्याहून आलेल्या बाईची एक सकाळ फुकट जाईल. सौदा स्वस्त होता. खाली काय उभं आहे ते त्याला ठाऊक होतं, पण ते त्याने मांडलं नाही.

मी मढचा. धरणात माझी इंजिनाची नाव आहे, मासेवाल्यांचा माल आणतो आणि पावणे आले तर फिरवतो. ज्योत्स्नाबाई पाण्याखालच्या जुन्या वास्तूंचा अभ्यास करतात. मूळच्या आपल्या पिंपळवंडीच्या, वडील शाळेत मास्तर, घर बौद्धांचं. लहानपणी लेण्याद्रीला गेल्या तेव्हा खालून वर जाणारी माणसं गणपतीकडे बघत होती आणि ही पोरगी भिंतीवरची अक्षरं बोटाने गिरवत होती, असं त्यांनी मला सांगितलं. तसल्याच अक्षरांचा एक दगड बुडालेल्या हिरडेवाडीत, कळमजाईच्या देवळाच्या पायरीला लावलेला होता, असं त्यांना एका जुन्या नोंदीत मिळालं. घाटावरून माल नेणाऱ्या तांड्यांचा तो मुक्काम असावा, असा त्यांचा कयास. दगड सापडला की पुढची पाच वर्षं त्यांना काम.

आता देऊळ नेमकं कुठं? हिरडेवाडी अकरा घरांची. सात घरं शिरूरच्या बाजूला जमिनी मिळाल्या तिकडे गेली. चार इथेच वर सरकली, त्यांचीच आता नवी वाडी. एकोणतीस वर्षांमागं जाणती असलेली त्यांतली दोनच माणसं उरलीत, भागूनाना आणि त्याची बायको लंकाबाई. लंकाबाईला विचारलं तर ती म्हणाली, आमच्या ह्यांना विचारा. देवी कशी आणली हे विचारलं तरी ती इतकी वर्षं हेच म्हणायची. आम्हाला वाटायचं, नवऱ्याचा मान राखते.

भागूनानाने लगेच सांगितलं. गडाचा कडा आणि खिंडीतला सुळका एका ओळीत आले की खाली देऊळ. सगळ्यांना पटलं, कारण तिथेच मासेवाल्यांची जाळी अडकतात. कळसाला अडकतात, असं आम्ही मानत आलोय. जाळं अडकलं की कोणी ओढत नाही, कापून देवीला सोडून देतो.

बाईंच्या जोडीला भागूनानाचा मुलगा रामदास. तो मासे धरतो, पण गेल्या साली बुडालेल्यांना काढायचं शिकायला तालुक्याने चार पोरं मालवणला पाठवली, त्यात हा होता. टाकी बांधून साठ फूट खाली जायचं त्याला जमतं. भागूनानाला ऐनवेळी कळलं की पोरगाही उतरणार आहे. तो म्हणाला, मीही नावेत येतो, ओळ दाखवायला. मला वाटलं, हौस.

फेब्रुवारीतलं पाणी, गाळ खाली बसलेला. दहाच्या सुमारास दोघं उतरली. बाईंच्या कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात. एक हिसका म्हणजे ठीक, चार हिसके म्हणजे ओढ. रामदास आणि बाई एकमेकांना हातभर दोरीने बांधलेली. मी घड्याळ लावलं. बाई म्हणाल्या होत्या, पस्तीस मिनिटांची हवा.

सहा मिनिटं दोरी गुमान खाली गेली. मग थांबली. ठीकचा एक हिसका आला नाही. बुडबुडे दोन ठिकाणी फुटायला लागले, आधी हातभर अंतरावर, मग नावेच्या दोन अंगांना. भागूनाना ते बघत होता. त्याच्या हातातली तंबाखू चुना लावून तशीच राहिली.

चार हिसके आले.

मी ओढलं. हातभर आली आणि मग दोरी दगडाला बांधल्यासारखी झाली. मी पाय रोवून आणखी ओढलं. खालून काही तरी ओढाय‌ला लागलं, आणि ते जिवंत होतं. मी घाबरून सैल सोडलं. जाळ्यातला मासा दोरी ओढली की आणखी गुंततो, हे मला माहीत असायला हवं होतं.

रामदास एकटाच वर आला. डोळ्यांवरची काच काढली तर ओठ निळे. म्हणाला, मधली दोरी फांदीत गुंतली, ती कापली, तेवढ्यात गाळ उठला आणि बाईंची बॅटरी दिसेनाशी झाली. आधी मला फांदी हा शब्द लागलाच नाही.

"देऊळ नाय तिथं," तो बापाकडे बघून म्हणाला. "झाडं हायेत, नाना. उभी झाडं. पानं न्हाईत, बाकी सगळी उभी. आन् आख्ख्या धरणाची जाळी त्यांच्यावर."

घड्याळात चौदा मिनिटं झाली होती. बाईंचे बुडबुडे नावेच्या उजवीकडे येत होते, भराभर. घाबरलेलं माणूस हवा दुप्पट खातं, हे त्यांनीच सकाळी चहा पिताना हसत सांगितलं होतं.

रामदास दुसरी टाकी चढवायला लागला. वरूनच उतरतो म्हणाला, दोरी धरून.

"वरनं नको," भागूनाना म्हणाला. "वरनं गेलास तर तूबी ऱ्हाशील."

"मग कुठनं?"

"राई हाय ती. कळमजाईची. धरणाच्या टायमाला सगळं रान तोडलं, राईला कोणी कुऱ्हाड लावंना. ओढ्याच्या अंगानं शीर. पालखीची वाट हाय, दोन बैल जातील एवढी. खाली फरशी हाय, हातानं चाचपत जा. वाटंवर फांदी नाय."

रामदास पट्टा ओढता ओढता थांबला. "आन् देऊळ?"

"पल्याड. नदीच्या वळणाला."

"तुला ठावं व्हतं?"

"व्हतं."

रामदासने काच लावली, मी नाव ओढ्याच्या बाजूला घेतली, आणि तो दगडासारखा खाली गेला. कानाला हळूहळू सवय द्यायची असते, थांबत थांबत जायचं असतं. तो थांबला नाही.

आता नावेत मी आणि तो म्हातारा. एकवीस मिनिटं. बाईंचे बुडबुडे भराभर येत होते ते विरळ झाले. चार, मग थोडं थांबून तीन. मी दोरी बोटावर नुसती ठेवून बसलो, ओढायची छाती होईना. सोडायचीही होईना.

भागूनाना पाण्याकडे बघूनच बोलायला लागला. मी विचारलं नव्हतं. त्या साली पाणी एका रात्रीत चढलं. आदल्या दिवशी त्याने चावडीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं, देवी मी आणतो. सकाळी गेला तर देवळात कमरेएवढं पाणी. गाभाऱ्यात कोरडी जागा एवढीच राहिलेली, देवीचा चौथरा. रानातलं जे जे सरपटत होतं ते तिथे चढून बसलं होतं. देवी दिसतच नव्हती, तिच्या जागी नुसतं हलत होतं. तो दारातून मागे फिरला. वर येताना ओढ्यातून एक गोल दगड उचलला, धोतरात गुंडाळला आणि डोक्यावर घेतला. वाट बघत बसलेल्या माणसांनी पाया पडायला सुरुवात केली. मग शेंदूर लावला. लंकाबाईने धोतर धुतलं, तिला ओढ्याची वाळू दिसली.

"मला वाटलं, बाई रिकामी वर येईल," तो म्हणाला. "तेवढंच."

तीस. उजवीकडचे बुडबुडे बंद झाले.

मी मोजत राहिलो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. रामदासचे बुडबुडे येत होते, एका जागी. म्हणजे तोही थांबलाय. की अडकलाय. भागूनानाने नावेची कड दोन्ही हातांनी धरली होती आणि तोंड पाण्याजवळ नेलं होतं, जणू खाली हाक मारणार. पण हाक मारली नाही. कोणाला मारणार, देवी तर तिकडे वळणाला.

एकतीसला पाणी उकळल्यासारखं झालं. एकाच जागी दोघांचे बुडबुडे. मग माझ्या बोटावर एक हिसका. एकच.

बाई वर आल्या तेव्हा उलटी केली, मग कडेला पडून राहिल्या. उजवा हात जाळ्यात असा जखडला होता की सुरीपर्यंत पोचेना. मी ओढलं तेव्हा फास गळ्याशी आला. मग त्या हलल्याच नाहीत. अंधारात श्वास मोजत राहिल्या. हवा संपली, शेवटचा श्वास कोंडून धरला, तेव्हा खालून कोणी तरी घोटा धरला. आपल्या टाकीचं तोंड रामदासने त्यांच्या तोंडात घातलं आणि आळीपाळीने श्वास घेत जाळं कापलं. जाळ्याला हिरव्या बुचांची माळ होती. रामदासचंच, परवाच्या दिवाळीत कापून सोडलेलं.

"खाली फरशी आहे," बाईंचं पहिलं वाक्य. अभ्यासाचं माणूस, काय सांगावं.

भागूनानाने त्यांना सगळं सांगितलं, तिथेच, रामदासच्या डाव्या कानातून रक्त मानेवर उतरत होतं ते बघत. बाईंनी ऐकून घेतलं. नंतर मला म्हणाल्या, नाव काठाला घ्या.

महिन्याने त्या परत आल्या, तीन माणसं घेऊन. वळणाला देऊळ सापडलं, पायरीचा दगडही. गाभाऱ्यात चौथऱ्यावर शेंदूर गेलेला तांदळा, देवीचा बिनघडीव दगड, बसलेला होता, तो त्यांनी हलवला नाही.

भागूनानाने वाडीला स्वतः सांगितलं. बैठक बसली ती रामदासला डॉक्टरकडे लागला त्याहून जास्त वेळ चालली. ठरलं असं, की एकोणतीस जत्रा ज्या दगडापुढं केल्या, नवस ज्याने फेडून घेतले, तीच आता देवी. खालची खाली बसू दे, वरची वर. मुंडी मात्र भागूच्या घरी जाणार नाही. देव ठेवला, मानकरी बदलला. माणसं हिशेबात कच्ची नसतात.

आता कोणी काय भरलं ते बघा. वाडीने काही नाही. ज्योत्स्नाबाईंना दगड मिळाला, पण त्या अजून झोपताना दिवा मालवत नाहीत, हे मला त्यांच्याबरोबरच्या पोरीने सांगितलं. नावेचं भाडं मी ठरलं तेवढं घेतलं आणि दोरी फेकून दिली. भागूनानाची मुंडी गेली, पण दात केव्हाच गेले होते. ती मुंडी शिजवायची लंकाबाई, आणि खायचा रामदास.

त्याच्या डाव्या कानाचा पडदा भरून आला, आवाज परत आला नाही. या साली जत्रेत मुंडीला दुसऱ्याचं नाव पुकारलं, तेव्हा बाप त्याच्या डाव्या बाजूला बसून त्याला काही तरी म्हणत होता. बराच वेळ म्हणत होता. रामदास समोर पालखीकडे बघत बसला होता.