मा साहेबांची मेजवानी

डोळे मिटा पाहू, बाळांनो. एक अंगण डोळ्यांपुढे आणा. कोपऱ्यात संडास, त्याला लागून मैल्याचा खड्डा. वर राख टाकलीय, तरी माश्या घोंघावताहेत. आला वास? नाक दाबू नका. ही गोष्ट वासासकटच ऐकायची.

ते अंगण नामवोनमधलं, माझ्या शेजारच्या जोमरेचं. तेव्हा कोरियावर जपान्यांचं राज्य होतं आणि त्यांची लढाई चालली होती. काडतुसांसाठी ते घराघरातलं पितळ उचलून नेत. पण श्राद्धाला पितरांना भात वाढायचा तो आमच्याकडे पितळेच्याच वाडग्यात. म्हणून कुणी वाडगे विहिरीत सोडले, कुणी शेतात पुरले. जोमरेचे वडील जपानमधल्या कोळशाच्या खाणीत मेले होते आणि त्यांचं पहिलं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. तिच्या आईनं वाडगे पोत्यात बांधून त्या खड्ड्यात दडवले. तिथं कोण हात घालणार?

आमच्या गल्लीचे प्रमुख होते मा गितेक, पितळ गोळा करायचं काम त्यांच्याकडेच. माणूस आमच्यातलाच, पण त्यानं जपानी नाव घेतलं होतं, मात्सुमोतो. जुन्या नावानं हाक मारली की कानाखाली वाजवायचा. एके सकाळी तो लोखंडी सळई घेऊन आला आणि ती खड्ड्यात खुपसली. खण्ण!

"काढ गं," नाकाला रुमाल लावून तो जोमरेला म्हणाला.

"मी काढते, साहेब. लहान आहे हो ती," आई पुढं झाली.

"लहान आहे म्हणूनच. जन्मभर लक्षात राहील."

जोमरेनं खांद्यापर्यंत हात आत घातला. तिनं पोतं वर ओढलं आणि मानं ते नेलं, कुंपणातून मला सगळं दिसलं.

पुढं थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, जपानच्या बादशहाचा आवाज रेडिओवर खरखरला. जपान हरला होता! दुसऱ्या दिवशी सगळं गाव जयजयकार करत रस्त्यावर आलं. आणि सगळ्यांत पुढं कोण? मा गितेक! जपानी झेंड्यावरचा लाल गोळा अर्धा निळा रंगवून, तोच आपला झेंडा म्हणून नाचवत होता.

"मात्सुमोतो साहेब, तुम्ही इकडं कसे?" म्हाताऱ्या सुतारानं विचारलं.

"कोण मात्सुमोतो? मी मा! बापजाद्यांपासून मा! आतून मी कायम तुमचाच होतो."

"आतून होतात होय? बाहेर काही दिसलं नाही कधी."

संध्याकाळी त्यानं गावाला जेवायला बोलावलं. डुकराच्या मटणाचा रस्सा, तांदळाची दारू. भुकेलं गाव लोटलं. रस्सा वाढला होता लखलखीत पितळी वाडग्यांत. पितळ काडतुसांसाठी गेलंच नव्हतं. त्यानं ते घरात दाबून ठेवलं होतं.

"आई, आपले वाडगे," जोमरे कुजबुजली.

"दिसले मला. गप्प बस. श्राद्धाला मातीच्या वाडग्यात वाढू तुझ्या बाबांना."

तेवढ्यात मा वाडगा उंचावून उभा राहिला. "हे पितळ मी जिवावर उदार होऊन शत्रूपासून वाचवलं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकजण तर रडायलाच लागला. शिसारी आली मला.

जोमरे उठली. "मा काका, नीट घासलेत ना हो?"

"काय?"

"नाही, आमच्या संडासाच्या खड्ड्यातून मीच काढले होते ना. काठोकाठ भरले होते, म्हणून विचारलं."

सुताराचा घास तोंडातच राहिला. पलीकडे कुणीतरी पचकन थुंकलं.

"वेडी कार्टी!" मा किंचाळला. "गरम पाण्यानं, राखेनं, चांगले उकळून धुतलेत मी ते!"

"म्हणजे तिचेच आहेत म्हणा की," सुतार म्हणाला.

जोमरेनं माच्या हातातला वाडगा ओढून घेतला, रस्सा त्याच्याच पायांवर ओतला. मग ती पंगतीतून आपले वाडगे उचलत गेली. तिच्यापुढं लोक मुकाट्यानं वाडगे रिकामे करत होते. सगळे घागऱ्याच्या ओच्यात घेऊन ती विहिरीवर गेली आणि कौलाच्या भुकटीनं, पेंढ्यानं घासायला बसली. माचं तोंड लागलेला वाडगा तिनं शेवटी घेतला. घासला, धुतला, हुंगून पाहिला आणि पुन्हा घासायला घेतला.